वैमानिकाचे रोस्टर : तासांचे गणित आणि झोपेची शिस्त



यंदा नववी-दहावीच्या मुलांकडून 'मला कोण व्हायचे आहे' हा तक्ता भरून घेतला, तेव्हा बऱ्याच मुलामुलींनी 'पायलट' असे लिहिले. वाचून आनंद झाला. पण वर्गात गेल्यावर मी विचारले, "पायलट किती वाजता उठतो?" कोणालाच सांगता आले नाही. एकाने उत्तर दिले, "बाई, विमान असेल तेव्हा." सगळे हसले. खरे म्हणजे उत्तर बरोबरच होते. आजचा पाठ त्याच उत्तराचा आहे.

हा पाठ मला शिकवला आपल्याच एका माजी विद्यार्थ्याने. तो दोन वर्षांपासून एका विमान कंपनीत सहवैमानिक आहे. बेस दिल्ली, घर इंदूरला. गेल्या वर्षी त्याची आई शाळेत येऊन माझ्यापाशी रडल्या. "बाई, पोरगा बदलला हो. दुपारी दोनला फोन केला तर बंद. दिवाळीला आला नाही. घरी आला की नुसता झोपतो. पन्नास लाखांच्या वर खर्च केला, घर गहाण ठेवले, ते यासाठी का?" पुढच्या सुट्टीत मी त्याला बोलावून घेतले. त्याने वाद घातला नाही. मोबाईल काढून महिन्याचे रोस्टर माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाला, "बाई, आईला तुम्हीच समजावून सांगा." मी हिंदी माध्यमात शिकलेली, विषय इतिहास. विमानातले मला काही कळत नाही. पण वेळापत्रक बनवण्यात माझा जन्म गेला आहे. ते मी वाचू शकले.

रोस्टर म्हणजे काय?

शाळेचे वेळापत्रक वर्षभर तेच असते. सोमवारी पहिला तास गणित, म्हणजे गणितच. वैमानिकाचे रोस्टर दर महिन्याला नवे असते आणि महिना चालू असताना बदलूही शकते. त्यात चार-पाच प्रकारचे दिवस असतात. उड्डाणाचा दिवस. लेओव्हर, म्हणजे दुसऱ्या गावी हॉटेलात मुक्काम. स्टँडबाय, म्हणजे घरी पण तयार. फोन आला की ठरलेल्या वेळेत विमानतळावर हजर. प्रशिक्षणाचा दिवस, आणि शेवटी सुट्टीचा दिवस. एका विमानतळावरून दुसऱ्यापर्यंतच्या एका उड्डाणाला 'सेक्टर' म्हणतात.

रोस्टरमधल्या वेळा पुष्कळदा जागतिक वेळेत, म्हणजे यूटीसीमध्ये असतात. आपली वेळ त्यापेक्षा साडेपाच तास पुढे. रोस्टरमध्ये ९ तारखेला २२:४५ लिहिले असेल, तर आपल्या घड्याळात १० तारखेची पहाटेची सव्वाचार झालेली असते. भूगोलात रेखांशाचा धडा कंटाळवाणा वाटतो ना? इथे तो चुकला तर तारीखच चुकते.

तासांचे गणित

आता पाटी-पेन्सिल घ्या. एक नमुन्याचा दिवस पाहू. रिपोर्टिंग सकाळी ६:१५. पहिले उड्डाण ७:१५. चार सेक्टर : दीड तासाचे दोन, दोन तासांचे दोन. एकूण ७ तास. मध्ये तीन वेळा प्रवासी उतरवणे-चढवणे, प्रत्येकी ४५ मिनिटे, म्हणजे सव्वादोन तास. शेवटी कागदपत्रांची १५ मिनिटे. एक तास, सात तास, सव्वादोन तास आणि पाव तास मिळून होतात साडेदहा तास. ड्यूटी संपली ४:४५ ला.

पण दिवस रिपोर्टिंगला सुरू होत नाही. गाडी पाचला दारात येते, म्हणून उठायचे सव्वाचारला. संध्याकाळी घरी पोचायला सहा वाजतात. उठल्यापासून घरी येईपर्यंत पावणेचौदा तास झाले, आणि लॉगबुकात उड्डाणाचे तास फक्त ७.

आता उलटे गणित करा. सव्वाचारला उठायचे आणि आठ तास झोप हवी, तर रात्री सव्वाआठला झोपले पाहिजे. आपल्याकडे त्या वेळी कुकरची शिट्टीही झालेली नसते! आणि त्याच आठवड्यात रात्रीचे उड्डाण आले, तर तोच मुलगा सकाळी सातला झोपायला जातो. दुपारी दोन वाजता बंद असलेला फोन म्हणजे त्याची मध्यरात्र. हे मी त्या आईंना सांगितले, तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी त्याला रोज रात्री एकला उठवत होते म्हणायचे."

झोपेचा आणि सुरक्षेचा संबंध

शरीराला स्वतःचे घड्याळ असते. साधारण पहाटे दोन ते सहा या वेळात माणसाची सतर्कता सर्वांत कमी असते. सवयीने ती पूर्ण भरून निघत नाही. गाढ झोपेतून उठल्यावरही काही वेळ डोके जड असते आणि निर्णय चुकतात.

२२ मे २०१० रोजी दुबईहून मंगळूरला येणारे एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान पहाटे उतरताना धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले. १६६ जणांपैकी १५८ जण गेले. चौकशीत आढळले की कॅप्टन उड्डाणाचा बराच वेळ झोपले होते आणि उठल्यानंतर विमान प्रमाणापेक्षा बरेच उंच असताना त्यांनी उतरण्याचा प्रयत्न सोडला नाही. सहवैमानिकाने तीन वेळा 'पुन्हा वर चला' असे सुचवले होते. मोठ्यांपुढे बोलायचे नाही, असे आपण मुलांना शिकवतो. हा प्रसंग वाचल्यापासून मी तो उपदेश जरा जपून करते. तिथे धाकट्याने सांगितले होते, ते ऐकले गेले नाही.

घर एका गावी, नोकरी दुसऱ्या गावी

दुसरा प्रश्न ये-जा करण्याचा. अमेरिकेत कित्येक वैमानिक एका शहरात राहतात आणि विमानाने दुसऱ्या शहरातल्या बेसवर कामाला जातात. तिथे ज्येष्ठता क्रमांक फार महत्त्वाचा. बेस, विमानाचा प्रकार, सुट्ट्या, सगळे क्रमांकाने ठरते. नव्या मुलाच्या वाट्याला उरलेले येते. म्हणून विमानतळाजवळ एकेका खोलीत अनेक वैमानिक मिळून भाड्याने पलंग घेतात.

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री नेवार्कहून बफेलोला जाणारे कोलगन एअरचे विमान घरावर कोसळले. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक, असे ५० जण मरण पावले. सहवैमानिक २४ वर्षांची होती. ती सिएटलजवळ आई-वडिलांकडे राहायची आणि आदल्या रात्री मालवाहू विमानांतून देश ओलांडून नेवार्कला आली होती. कॅप्टनही दूर फ्लोरिडात राहणारे. त्यांनी क्रूच्या खोलीत झोप काढली होती. चौकशीत अपघाताचे मुख्य कारण कॅप्टनची चुकीची कृती हे ठरले. थकव्याचा परिणाम झाला असावा, पण किती, ते ठरवता आले नाही. तरुण वैमानिकांचा तुटपुंजा पगार आणि लांबची ये-जा यांची मात्र देशभर चर्चा झाली. मृतांच्या नातेवाइकांनी पाठपुरावा केला आणि नियम बदलले. ४ जानेवारी २०१४ पासून अमेरिकेत प्रवासी विमानाच्या वैमानिकाला ड्यूटीआधी १० तास विश्रांती आणि त्यात ८ तास झोपेची संधी बंधनकारक झाली.

आपला विद्यार्थीही हेच करतो, लहान प्रमाणात. सुट्टीला इंदूरला येतो तेव्हा परतीचे विमान आदल्या दिवशी दुपारचे धरतो. कर्मचाऱ्याच्या सवलतीच्या तिकिटावर जागा उरली तरच बसायला मिळते. "शेवटच्या विमानाने जा ना रे," असा आग्रह घरचे करतात. तो ऐकत नाही, आणि बरोबर करतो.

आपल्याकडचे नियम

भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालय हे नियम करते. वर्षाला उड्डाणाचे जास्तीत जास्त १००० तास, आठवड्याला ३५, अशा मर्यादा आहेत. जानेवारी २०२४ मध्ये सुधारित नियम जाहीर झाले. साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली. रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत वाढली. रात्रीच्या लँडिंगची मर्यादा ६ वरून २ वर आली. १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत हे नियम लागू झाले. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. नव्या नियमांसाठी वैमानिकांचे नियोजन पुरेसे झाले नव्हते. कंपनीला रात्रीच्या काही नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत तात्पुरती सूट द्यावी लागली.

त्या दिवसांत विमानतळांवर अडकलेल्या प्रवाशांचे फार हाल झाले. लोकांचा राग साहजिक होता. पण विद्यार्थ्यांनो, एक लक्षात घ्या. वैमानिकाची विश्रांती ही त्याची चैन नाही, ती मागे बसलेल्या दीड-दोनशे माणसांची गरज आहे.

मग हे करिअर निवडू नये का?

अवश्य निवडावे. तो मुलगा सांगतो, ढगांच्या वर सूर्य उगवताना दिसला की पहाटेचे उठणे वसूल होते. पण डोळे उघडे ठेवून निवडावे. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण, त्यानंतर विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण, मग नोकरीची वाट पाहणे, आणि या सगळ्या काळात कर्जाचे व्याज चालूच. परवाना मिळाला म्हणजे नोकरी मिळाली असे नव्हे. वैद्यकीय तपासणीही पुनःपुन्हा द्यावी लागते. म्हणून कर्ज काढण्याआधीच मुलाची प्रथम श्रेणीची वैद्यकीय तपासणी करून घ्या. ती अनुत्तीर्ण झाली तर पैसे तरी वाचतील.

पालकांनी एवढे करावे. मुलाचे रोस्टर मागून घ्या, स्वयंपाकघरात लावा आणि झोपेच्या वेळी फोन करू नका. त्या आईंनी तसे केले आहे. या वर्षी त्यांच्याकडे लक्ष्मीपूजन झाले, पण फराळाचे ताट मुलगा आला त्या दिवशी, चार दिवसांनी वाढले. घरात कोणी कुरकुर केली नाही.

विश्वस्त मंडळींना नम्र विनंती आहे. करिअर मार्गदर्शन शिबिरात प्रशिक्षण संस्थांचे प्रतिनिधी रंगीत माहितीपत्रके घेऊन येतात. त्यांच्या जोडीला नोकरीत दोन-तीन वर्षे झालेले एक-दोन माजी विद्यार्थीही बोलवावेत. मुलांना दोन्ही बाजू कळतील. आपल्या या विद्यार्थ्याने येण्याचे कबूल केले आहे. तारीख मात्र त्याचे रोस्टर आल्यावरच कळवता येईल!

स्वाध्याय

१. रोस्टरमध्ये १४ तारखेला २०:०० यूटीसी अशी रिपोर्टिंगची वेळ आहे. भारतीय तारीख आणि वेळ काय?

२. रिपोर्टिंग ५:३० ला, विमानतळापर्यंत ५० मिनिटे, तयारीला ४० मिनिटे. आठ तास झोप हवी असल्यास आदल्या रात्री किती वाजता झोपावे?

३. तुमच्या घरात किंवा शेजारी रात्रपाळी करणारे कोणी आहे का? परिचारिका, रेल्वेचे कर्मचारी, पोलीस, चौकीदार. त्यांचा एक दिवस त्यांना विचारून दहा ओळींत लिहा. मात्र विचारायला जाण्याआधी ते झोपलेले नाहीत ना, याची खात्री करून घ्या.

उत्तरे पुढच्या शनिवारपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्यावीत.

आपली,
मुख्याध्यापिका