भिंत कुठं घालायची, कागद कुठं मागायचा

जकार्तातला गणेशोत्सव असो की सुराबायात कुणाकडचं जेवण, मी जावातल्या क्लातेनजवळच्या खेड्यात राहतो हे कळलं की आपली माणसं हमखास विचारतात, "गावाकडे एखादा तुकडा घेऊन ठेवावा का हो? स्वस्तात मिळतोय." मी इचलकरंजीचा. सूतगिरणीच्या नोकरीसाठी सोलोला आलो, इथल्याच मुलीशी लग्न केलं आणि सासुरवाडीच्या गावात घर थाटलं. त्यामुळे या विषयातलं मला सगळं कळतं असा एक समज आहे. सगळं नाही कळत. पण बाहेरून आलेला माणूस इथं कुठं उलटा वागतो, ते पुरेसं पाहिलंय. शेजाऱ्यांशी तो भिंत घालून राहतो आणि जमिनीच्या व्यवहारात तोंडच्या शब्दावर चालतो. वागायला हवं नेमकं उलटं.

आधी जमिनीचं. इंडोनेशियाच्या १९६० च्या जमीन कायद्यानुसार पूर्ण मालकी, म्हणजे 'हाक मिलिक', फक्त नागरिकाला मिळते. परदेशी रहिवाशाला ठरावीक मुदतीचा वापरहक्क, 'हाक पाकाई', मिळू शकतो, नाहीतर सरळ भाडेपट्टा. यात रागावण्यासारखं काही नाही. भारतात तरी परदेशी नागरिकाला शेतजमीन कुठं विकत घेता येते? तरी पळवाटा निघतातच. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी भातखाचरालगतचा प्लॉट आपल्या ड्रायव्हरच्या नावावर घेतला आणि 'खरा मालक मी' असा कागद वेगळा करून कपाटात ठेवला. ड्रायव्हर लबाड नव्हता, हे मुद्दाम सांगतो, कारण ऐकणारे लगेच त्यालाच चोर ठरवतात. तो अचानक वारला, एवढंच झालं. जमीन बायकोमुलांकडे गेली, आणि त्यांना त्या कपाटातल्या कागदाचा पत्ताही नव्हता. कोर्टात जावं, तर मालकीचा निर्बंध चुकवण्यासाठी केलेला व्यवहार कायद्याने मुळातच रद्दबातल, आणि अशी जमीन सरकारजमाही होऊ शकते. म्हणजे तो कागद घेऊन कोर्टात जाणं म्हणजे आपल्याच विरुद्धचा पुरावा हातात घेऊन जाणं. वरचं घर त्या गृहस्थांनी बांधलेलं होतं. वारसांनी देऊ केलं ते घेऊन ते गप्प बसले.

"पण बायको इथलीच असेल तर?" हा पुढचा प्रश्न. इथल्या १९७४ च्या विवाह कायद्याप्रमाणे लग्नानंतरची मिळकत दोघांची सामाईक. म्हणजे बायकोने जमीन घेतली की अर्धा वाटा परदेशी नवऱ्याचा, आणि परदेशी माणसाला तर मालकी नाही! त्यामुळे तिचाही हक्क अडकतो. यावर तोड एकच : दोघांची मिळकत वेगळी ठेवण्याचा नोंदणीकृत करार. पूर्वी तो लग्नाआधीच करावा लागे. २०१६ मध्ये घटनात्मक न्यायालयाचा निकाल बाहेर आला आणि लग्नानंतरही करता येऊ लागला. आमचा करार त्यानंतरचा. नव्या जोडप्यांना हे सांगितलं की ती अवघडतात, आत्ताच कुठं तुझं-माझं करायचं म्हणून. करा बाबांनो. उद्या बायकोमागे तिची जमीन वारशाने तुमच्याकडे आली, तरी वर्षाच्या आत ती दुसऱ्या कुणाच्या नावे करावी लागते. हेही आधीच माहीत असलेलं बरं.

खेड्यात जमीन दाखवणारा बहुतेक वेळा 'गिरिक' पुढे करतो, किंवा गावच्या 'लेटर सी' वहीतला उतारा. पिवळा पडलेला कागद, निळा शिक्का, आजोबांचं नाव. पाहिलं की वाटतं, याहून भक्कम काय असणार? पण ती जुन्या कराची नोंद आहे, आपल्याकडच्या घरपट्टीच्या पावतीसारखी. मालकीचा पुरावा म्हणजे भूमी कार्यालयाचं 'सर्टिफिकात'. २०२१ च्या नियमाने अशा जुन्या कागदांना नोंदणीसाठी पाच वर्षांची मुदत दिली. त्यानंतर त्यांचा उपयोग फक्त दुवा म्हणून. २०१७ पासून सरकारने गावंच्या गावं मोजून सर्टिफिकातं वाटण्याचा सपाटा लावला, त्यात सासऱ्यांचीही जमीन मोजली गेली. मोजणीला बांधकरी हजर लागतात. ते आले, चहा झाला, उकडलेले शेंगदाणे झाले, आणि हद्दीवरचं सागाचं झाड कुणाचं यावर गाडी अडली. दोन्ही घरांच्या म्हाताऱ्या माणसांनी ते आपापल्या बापाला लावताना पाहिलेलं! शेवटी झाड दोघांचं आणि खुंटी झाडाच्या पलीकडे, असं ठरलं आणि सह्या झाल्या. विकत घेणाऱ्याने हे सगळं डोळ्यांसमोर होऊ द्यावं. विकणारा "नंतर बघू" म्हणाला, तर पैसेही नंतरच द्यावेत.

आणखी दोन गोष्टी. वडिलोपार्जित जमीन असेल तर सगळ्या भावंडांच्या सह्या हव्यात, सुमात्राला कामाला गेलेल्या धाकट्याचीसुद्धा. आणि 'बेंगकोक' म्हणजे गावच्या कारभाऱ्यांना पगाराऐवजी कसायला दिलेली गावची जमीन. ती कुणाच्या बापाची नसते, त्यामुळे कुणाला विकताही येत नाही. पाण्याखालची, रस्त्यालगतची असते, भाव बरा सांगतात. गावातल्या कुठल्याही म्हातारीला विचारा, ती सांगेल कुठली ते.

आता शेजाराचं. इथं वीस-चाळीस घरांचा एक 'एर्ते' असतो आणि त्याचा प्रमुख 'पाक एर्ते'. पगार नाममात्र, उचापती भरपूर. नवा माणूस आला की चोवीस तासांच्या आत त्याच्याकडे वर्दी द्यायची, अशी पाटीच असते. परवा भाऊ आला होता इचलकरंजीहून, त्यालाही घेऊन गेलो. शहरी लोकांना हे पोलिसी वाटतं, आणि मुळात ते आहेही तसंच. ही घडी जपान्यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या ताब्याच्या काळात बसवली. पण रोजच्या जगण्यात तिचा अर्थ एवढाच, की तुम्ही कोण हे गावाला माहीत असतं.

रात्री पाळीपाळीने पहारा असतो, 'रोंदा'. प्रत्येक दारावर खिळ्याला पाण्याचा रिकामा प्लॅस्टिकचा पेला किंवा बांबूची नळी टांगलेली असते. निजण्यापूर्वी तीत पाचशे रुपियाचं नाणं टाकायचं. पूर्वी चिमूटभर तांदूळ टाकत. पहारेकरी मध्यरात्री फिरून ती नाणी गोळा करतात, आणि त्या निमित्ताने प्रत्येक दारात जातात. ओळीने दोन-तीन रात्री पेला रिकामा दिसला, की सकाळी कुणीतरी विचारायला येतं, बरं आहे ना? आमच्या गल्लीत एकट्या राहणाऱ्या एका आजी मोरीत पडल्या होत्या, त्या अशाच सापडल्या. पाळी चुकवून दंड भरता येतो, पुष्कळ जण भरतात. पण तुम्ही जाऊन बसा. गोड चहा, पत्ते, डासांची अगरबत्ती. आणि गावात काय चाललंय ते तिथंच कळतं.

उलट, गल्लीच्या टोकाला एका शहरी माणसाने दोन पुरुष उंचीची भिंत बांधली, वर काचा लावल्या. पेला टांगायला जागाच ठेवली नाही. चोर एकदा आत उतरल्यावर त्याला सबंध रात्र निवांत मिळाली, कारण बाहेरून काही दिसतच नव्हतं. अंगणातला पंपसुद्धा सोडवून नेला.

मात्र या एकोप्याची एक बाजू भयंकर आहे. लाकडी घंटा, 'केंतोंगान', अखंड वाजू लागली किंवा कुणी "मालिंग!", म्हणजे चोर, म्हणून ओरडलं, की सगळं गाव काठ्या घेऊन बाहेर पडतं. जावात जमावाच्या हातून संशयित मेल्याच्या बातम्या नव्या नाहीत. आमच्याकडे एक पोरगा सापडला, तेव्हा पाक एर्तेंनी त्याला स्वतःच्या ओसरीवर भिंतीला टेकवून बसवलं आणि पोलीस येईपर्यंत स्वतः त्याच्यापुढे बसून राहिले. म्हणून नुसत्या संशयावर ओरडू नका. आधी पाक एर्तेंना फोन करा, आणि जमावात परक्या माणसाने शिरूच नये.

भिंतीवरून आठवलं. २७ मे २००६ च्या पहाटे सहाच्या सुमारास झालेल्या भूकंपात बांतुल, क्लातेन आणि आसपासच्या भागात साडेपाच हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांतली बहुतेक घरांखाली. एकेरी विटेच्या भिंती आणि कोपऱ्यात सळईचा खांब नाही. किल्लारीत १९९३ मध्ये दगडमातीच्या भिंतींनी जे केलं, तेच. तेव्हा तयार घर घेताना रंग बघू नका. कोपऱ्यांत खांब आहेत का, भिंतीच्या माथ्यावर चारी बाजूंनी सलग काँक्रीटचा पट्टा आहे का, ते गवंड्याला घेऊन जाऊन बघा.

मेरापी ज्वालामुखीच्या अंगाला जमीन स्वस्त असते, ती उगाच नाही. धोक्याच्या पट्ट्यांचा नकाशा आहे, तो पाहावा. राखेच्या लोंढ्यांची वाट म्हणजे नदीचं पात्र, म्हणून काठचा प्लॉट नकोच. २०१० च्या उद्रेकात धोक्याचं वर्तुळ वीस किलोमीटरपर्यंत वाढवलं, तरी लोक गुरांना चारा घालायला वर जात राहिले. शेवटी सरकारने गुरंच विकत घेण्याची तयारी दाखवली.

शेताकडच्या वाटेचं वेगळं सांगायला हवं. उंदरांसाठी खाचराभोवती विजेची उघडी तार सोडतात; मनाई आहे, तरी सोडतात. सोलोशेजारच्या स्रागेन जिल्ह्यात कित्येक माणसं अशा तारांनी मेलीत, काही तर स्वतःच लावलेल्या. अंधार पडल्यावर बांधावरून चालू नये. कुणी पडलेलं दिसलं तर हात न लावता आधी वीज बंद करवावी. आणि साप चावला तर वैदूकडे न जाता थेट मोठ्या सरकारी रुग्णालयात. इथली लस नाग, पट्टेरी मण्यार आणि 'उलार ताना' नावाचा जमिनीवरचा विषारी साप यांच्यावरची आहे; हिरव्या विषारी सापावर ती चालत नाही, म्हणून साप कसा दिसला ते डॉक्टरांना नीट सांगा.

हे सगळं ऐकूनही ज्याला तुकडा हवाच असतो, त्याला मी म्हणतो, आधी वर्षभर भाड्याने राहा. सप्टेंबरात विहिरीला पाणी किती उरतं आणि जानेवारीत ते अंगणात कुठवर चढतं, ते बघा. भाडं वर्षाचं आगाऊ घेतात. करारावर दहा हजार रुपियाचं 'मेतेराई' तिकीट चिकटवून, सही त्याच्यावरून जाईल अशी घ्या, आणि साक्षीला पाक एर्तेंना बोलवा.