पिवळ्या जर्सीतली आपली माणसं

विट्या-आटपाडीकडची गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी गाळणारी, कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या तमिळनाडूत आहेत. आमचं त्यातलंच एक. चेन्नईत सावकारपेठेत दुकान, शेजारी चहाची टपरी आणि टपरीवर भिंतीला टांगलेला टीव्ही. आयपीएल सुरू झाली की संध्याकाळी सातनंतर भट्टी विझवून सगळे तिथेच. चेन्नई सुपर किंग्जमध्ये महाराष्ट्रातलं कुणी ना कुणी असतंच. त्याचं बरं चाललं तर सगळे टीव्हीकडे बघतात, बिनसलं की माझ्याकडे. त्या वादांतून जे उमगलं ते लिहून ठेवतो आहे.

१. बाहेरून आलेल्या खेळाडूनं पहिल्याच दिवशी मन जिंकलं, तरी ती पुंजी फार दिवस पुरत नाही. ७ एप्रिल २०१८. दोन वर्षांच्या बंदीनंतर चेन्नईचा पहिला सामना, वानखेडेवर मुंबईविरुद्ध. ब्राव्होनं ३० चेंडूंत ६८ काढले आणि तो बाद झाला तेव्हा एक षटक, सात धावा आणि एकच गडी राहिला होता. पुण्याचा केदार जाधव, ज्याला त्या वर्षी ७ कोटी ८० लाखांना घेतलं होतं, मांडीचा स्नायू दुखावून आधीच तंबूत गेला होता. तो लंगडत परत आला. मुस्तफिझुरचे पहिले तीन चेंडू रिकामे गेले. चौथ्यावर षटकार, पाचव्यावर चौकार. टपरीवर मला उचलायचंच बाकी ठेवलं होतं. त्या दुखापतीनं केदारचा तो हंगाम तिथेच संपला. कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईचे घरचे सामने गहुंज्याला हलले, आमच्या गल्लीतली पोरं खास सोडलेल्या रेल्वेनं पुण्याला गेली, आणि पुण्याचा माणूसच मैदानात नव्हता. पुढच्या वर्षी, २०१९ मध्ये, तो साखळीतले चौदाही सामने खेळला. धावा १६२. वानखेडेवरच्या त्या दोन फटक्यांची आठवण तोवर कुणी काढेनासं झालं होतं.

२. लोक खेळाडूच्या नावानं भांडतात, पण खरा प्रश्न बहुतेक वेळा त्याला दिलेल्या कामाचा असतो. हे ध्यानात यायला मला २०२० चा हंगाम बघावा लागला. केदार म्हणजे काय? महाराष्ट्राकडून २०१३-१४ च्या रणजी हंगामात १२२३ धावा काढणारा, संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेणारा. जानेवारी २०१७ मध्ये गहुंज्यालाच इंग्लंडच्या ३५० धावांचा पाठलाग करताना कोहलीच्या साथीनं ७६ चेंडूंत १२० फटकावणारा. आणि हात खाली नेऊन, चेंडू जमिनीलगत सोडून मधल्या षटकांत जोडी फोडणारा. भारताच्या एकदिवसीय संघात त्याची किंमत या सगळ्याची मिळून होती. चेन्नईत त्याच्या गोलंदाजीचा उपयोग झालाच नाही. फलंदाजीला तो रैना, रायुडू यांच्या मागे आणि धोनी, जडेजा, ब्राव्होच्या पुढेमागे. म्हणजे जम बसवायला वेळ नाही, आणि पहिल्या चेंडूपासून मारणं हा ज्याचा पिंड नाही त्याच्याकडून तीच अपेक्षा. आमच्या धंद्यात तुकडा हातात आला की त्यात काय काय मिसळलं आहे ते आधी बघतात, भाव नंतर सांगतात. टपरीवर आधी भाव ठरत होता.

तरी ७ ऑक्टोबर २०२० च्या रात्री मला त्याची बाजू घेणं जड गेलं, हे सांगायला हवं. अबुधाबीत कोलकात्याविरुद्ध १६८ करायचे होते. वॉटसननं अर्धशतक ठोकलेलं. धोनी बाद झाला आणि जडेजा-ब्राव्होच्या आधी केदार आला. बारा चेंडूंत सात धावा, नाबाद. समोर जडेजा आठ चेंडूंत एकवीस. पाच गडी हातात ठेवून दहा धावांनी हार. चहावाल्या अण्णांनी टीव्ही बंद केला आणि मला विचारलं, "त्याला आधी का पाठवलं?" मला तो प्रश्न फार बरोबर वाटला, आजही वाटतो. "त्याला का घेतलं" असं त्यांनी विचारलं नव्हतं. पाठवणारा कोण, हे त्यांना नीट माहीत होतं.

३. घरच्या पोराला बाकावर बसवून परक्याला खेळवलं की प्रेक्षकाला लागतं, आणि ते लागणं खरं असतं. त्याच हंगामात कोइमतूरचा नारायण जगदीशन पदार्पणात बंगळूरूविरुद्ध ३३ धावा करून गेला आणि पुन्हा बाहेर बसला. केदार परत संघात. चेन्नईचे कृष्णम्माचारी श्रीकांत, भारताचे माजी कर्णधार, त्यांनी टीव्हीवर तमिळमध्ये उघड सवाल केला की जगदीशनमध्ये चमक दिसत नाही आणि केदारमध्ये दिसते का? आमच्या गल्लीत त्या रात्री हेच वाक्य फिरत होतं. मी मराठी माणूस, पण मला राग आला नाही. मुंबईच्या आयपीएल संघात महाराष्ट्रातली पोरं किती, ही चर्चा आपण दादर-ठाण्यात करतोच की. चेन्नईच्या संघात तमिळ पोरं इतकी कमी का, हे दुखणं त्या शहराचं फार जुनं आहे. त्याचा सगळा भार एकट्या केदारच्या पाठीवर पडला, एवढंच मला खटकलं. संघनिवड त्यानं केली नव्हती.

४. ज्या वादात एक पुणेकर हरतो, त्याच वादातून दुसरा वर येतो, हे मला कधी सुचलं नसतं. श्रीकांत चिडले होते ते धोनीच्या बोलण्यावर. १९ ऑक्टोबरला राजस्थानकडून हरल्यावर धोनी म्हणाला होता की तरुण खेळाडूंत तशी चमक दिसली नाही. या तरुणांत ऋतुराज गायकवाडही होता. पुण्याचाच, केदारसारखाच महाराष्ट्राच्या रणजी संघातला. चेन्नईनं त्याला वीस लाखांच्या मूळ किमतीत घेतलेलं. दुबईत पोचल्यावर त्याला करोना झाला, इतरांपेक्षा कितीतरी दिवस जास्त तो खोलीत अडकून पडला. मग मैदानात आला तो ०, ५ आणि पुन्हा ०. टपरीवर मी त्याच्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. काढायला काही नव्हतंच. आणि शेवटच्या तीन सामन्यांत त्यानं केलं ते असं: बंगळूरूविरुद्ध नाबाद ६५, कोलकात्याविरुद्ध ७२, पंजाबविरुद्ध नाबाद ६२. चेन्नईच्या आशा तोवर जवळपास संपल्या होत्या, त्या धावांनी त्या हंगामातलं संघाचं नशीब बदललं नाही. बदललं ते पुढच्या वर्षी. २०२१ मध्ये ६३५ धावा, हंगामात सर्वाधिक, आणि विजेतेपद. मार्च २०२४ मध्ये कर्णधारपद.

या दोघांचा मी पुष्कळ विचार केला आहे. ऋतुराजला चौथी संधी मिळाली कारण संघ हरून बसला होता आणि गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं. शिवाय ती सलामीला मिळाली, जिथे तो लहानपणापासून खेळला. केदारला संधी कमी मिळाल्या असं म्हणवत नाही. पण त्याच्या स्वतःच्या जागेवर त्या फार थोड्या मिळाल्या. जानेवारी २०२१ मध्ये चेन्नईनं त्याला सोडलं.

५. चेन्नईची खेळाडूला धरून ठेवण्याची रीत सगळ्यांना ठाऊक आहे, पण नुसत्या धीरानं काम होत नाही. शेन वॉटसनला २०१९ मध्ये काढा म्हणून आख्खी टपरी ओरडत होती. तो सलामीला येत राहिला. मग एप्रिलमध्ये चेपॉकवर हैदराबादविरुद्ध ९६, आणि अंतिम सामन्यात गुडघ्यातून रक्त वाहत असताना ८०. रॉबिन उथप्पा २०२१ च्या सुरुवातीला राजस्थानकडून आला आणि हंगामाचा बहुतेक काळ बसूनच होता. तो मैदानात आला तोही सुरेश रैनाच्या जागी. रैना म्हणजे चेन्नईचा 'चिन्न तला', धोनीखालोखाल लाडका. त्याच्या जागी येणाऱ्याचं स्वागत कसं होईल? थंडच झालं. पण दिल्लीविरुद्धच्या बाद फेरीत उथप्पानं ४४ चेंडूंत ६३ काढले, अंतिम सामन्यात १५ चेंडूंत ३१. वॉटसन आणि उथप्पा, दोघांना वरचा क्रम मिळाला, काम स्वच्छ सांगितलेलं. केदारलाही चेन्नईनं धीर दाखवलाच होता. त्यामुळे "या संघात आलं की माणूस सुधारतो" हे वाक्य कुणी टाकलं की मी मान डोलावत नाही.

६. काम जितकं नेमकं, तितका माणूस मोकळा खेळतो. शिवम दुबे बंगळूरू, राजस्थान करत २०२२ मध्ये चार कोटींना चेन्नईत आला. आमच्याकडे पहिली प्रतिक्रिया हीच की हा उसळत्या चेंडूला चाचपडतो, याला कशाला? चेन्नईनं त्याला मधल्या षटकांत फिरकीवर सोडलं. २०२३ मध्ये ४१८ धावा, त्यात ३५ षटकार. गोलंदाजीचं ओझंही त्या वर्षी जवळपास नव्हतं.

अजिंक्य रहाणेची गोष्ट त्याहून जवळची वाटते. डिसेंबर २०२२ च्या लिलावात पन्नास लाखांत आला. संथ खेळतो, त्याचे दिवस सरले असं सगळे म्हणत होते, आणि मीही मनातल्या मनात त्याला बाकावर बसवलं होतं. ८ एप्रिल २०२३, पुन्हा वानखेडे, पुन्हा मुंबई. एकोणीस चेंडूंत अर्धशतक, २७ चेंडूंत ६१. पंधरा दिवसांनी ईडनवर २९ चेंडूंत नाबाद ७१. अण्णांनी त्या दिवशी चहाचे पैसे घेतले नाहीत. पुढच्या हंगामात तो कधी सलामीला, कधी तिसऱ्या क्रमांकावर. धावा २४२, आणि वाद पुन्हा जिथला तिथे. तोच माणूस, तोच संघ, तीच जर्सी. मला अजून याचं पुरतं उत्तर सापडलेलं नाही.

७. वाद आणि शिवीगाळ यांच्यात अंतर आहे, आणि ते राखता येतं. २०२० मध्ये त्या कोलकात्याच्या सामन्यानंतर समाजमाध्यमांवर धोनीच्या लहान मुलीला घाणेरडी धमकी दिली गेली. पोलिसांनी गुजरातेत एका अल्पवयीन मुलाला ताब्यात घेतलं. हे ऐकून टपरीवर बराच वेळ कुणी बोललं नाही. या शहरानं ३१ जानेवारी १९९९ ला, सचिनच्या १३६ धावांनंतरही भारत बारा धावांनी हरला तेव्हा, पाकिस्तानच्या संघाला उभं राहून मानवंदना दिली होती. चेपॉकवर जाताना वालाजा रोडवर शिट्ट्या विकणारा म्हातारा अजून त्या दिवसाबद्दल बोलतो. टपरीवर ज्याच्याशी भांडलो त्याच्याच शेजारी दुसऱ्या दिवशी चहा प्यायचा असतो, म्हणून तिथे तोंड सांभाळलं जातं असं मला वाटतं. फोनवर शेजारी कुणी नसतं.

८. परक्या गावच्या खेळाडूबद्दल सगळ्यात कठोर त्याच्या गावचेच असतात. २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या राहुल त्रिपाठीला चेन्नईनं ३ कोटी ४० लाखांना घेतलं आणि मधल्या फळीतल्या या फलंदाजाला सलामीला पाठवलं. पाच सामन्यांत ५५ धावा. त्या वेळी पुण्याहून येणारे फोन टपरीवरच्या बोलण्यापेक्षा कडू होते. ऋतुराज कोपराच्या दुखापतीनं बाहेर गेला आणि विरारचा सतरा वर्षांचा आयुष म्हात्रे आला. पदार्पणात १५ चेंडूंत ३२, मग बंगळूरूविरुद्ध ४८ चेंडूंत ९४. चेन्नई त्या वर्षी शेवटच्या, दहाव्या स्थानावर राहिली. म्हात्रेसाठी मात्र टपरीवर उभं राहून टाळ्या पडल्या. त्रिपाठीचं नाव कुणी घेईना. मी घेतलं, कारण म्हात्रेला जे मिळालं, स्वतःचा क्रम आणि मारण्याची मोकळीक, त्यातलं अर्धंच त्रिपाठीला मिळालं होतं.

९. नवा वाद जुना वाद विसरायला लावतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये चेन्नईनं जडेजा आणि सॅम करन राजस्थानला देऊन संजू सॅमसनला घेतलं. अण्णांचे डोळे जडेजासाठी भरून आले होते. बारा हंगाम तो इथे खेळला. आता केरळचा माणूस येतो आहे, अठरा कोटींचा. पहिल्या चार डावांत त्याची बॅट चालली नाही तर काय बोललं जाईल ते मला आत्ताच ऐकू येतं. माझं मत मी टपरीवर सांगून टाकलं आहे: सॅमसननं म्हात्रेबरोबर सलामीला यावं, ऋतुराजनं तिसऱ्या क्रमांकावर खेळावं, आणि निदान अर्धा हंगाम या तिघांच्या जागांना कुणी हात लावू नये. अण्णांना ऋतुराज सलामीलाच हवा आहे.