जुन्या विमानाचा दोष शोधताना



जुन्या लष्करी प्रशिक्षण विमानाच्या देखभालीचे काम हाती घेणाऱ्याने सर्वांत आधी हे ध्यानात घ्यावे की, टायगर मॉथसारखे विमान आज बिघडते ते बहुधा त्याच्या रचनेत खोट होती म्हणून नव्हे, तर लाकूड, कापड, सरस, तारा आणि वेटोळी यांना जे आयुष्य असते ते केव्हाच सरून गेले तरी ते उडते आहे म्हणून. डी हॅविलँड कंपनीच्या या दुपंखी विमानाने ऑक्टोबर १९३१ मध्ये पहिले उड्डाण केले, पुढच्याच वर्षी ते ब्रिटिश हवाई दलात दाखल झाले, आणि युद्ध संपेपर्यंत अशी आठ हजारांहून अधिक विमाने बांधली गेली; भारतीय हवाई दलाच्या वैमानिकांची एक पिढीही याच विमानावर उडायला शिकली. इतक्या मोठ्या संख्येने, इतक्या नवशिक्या हातांखाली राबलेल्या यंत्राचे बहुतेक दोष पूर्वसूरींना ठाऊक झालेले आहेत आणि ते लिहूनही ठेवलेले आहेत. म्हणून नव्या तंत्रज्ञाकडून प्रतिभेची अपेक्षा नसते. क्रमाने पाहण्याची सवय आणि कारण सापडेपर्यंत स्वस्थ न बसण्याची वृत्ती एवढीच अपेक्षा असते.

या विमानाचे जिप्सी मेजर इंजिन सुमारे सहा लिटर क्षमतेचे आणि १३० अश्वशक्तीचे असून त्याचे चार सिलिंडर एका ओळीत, पण उलटे टांगलेले असतात. म्हणजे क्रँकशाफ्ट वर आणि सिलिंडरची डोकी खाली. या मांडणीमुळे प्रोपेलर जमिनीपासून उंच राहतो आणि वैमानिकाला समोरचे बरे दिसते, परंतु विमान उभे असताना वंगणाचे तेल दट्ट्याच्या कड्यांमधून हळूहळू खाली, थेट ज्वलनाच्या जागेत उतरते. सुरू करताना मिनिटभर निळसर धूर निघाला तर तो दोष समजू नये. मात्र स्विच बंद आहेत याची खात्री करून प्रोपेलर हाताने फिरवताना तो एखाद्या ठिकाणी ठाम अडला, तर तेथे जोर करणे हा अपराध आहे. कारण तेल हवेसारखे दाबले जात नाही, आणि सिलिंडरमध्ये साचलेल्या तेलावर दट्ट्या रेटला गेला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा वेळी त्या सिलिंडरचे प्लग काढून तेल निथळू द्यावे, मगच पुढे जावे.

हाताने प्रोपेलर फिरवणे हे केवळ इंजिन सुरू करण्याचे साधन नाही, ती रोजची तपासणीही आहे. चारही सिलिंडरचा दाब, ज्याला कॉम्प्रेशन म्हणतात, तळहाताला एकामागून एक जाणवतो आणि त्यांतला एखादा मऊ लागला तर कान लावून ऐकावे: फुसकारा एक्झॉस्टच्या नळीतून येत असेल तर एक्झॉस्टची झडप गळते आहे, कार्ब्युरेटरच्या बाजूने येत असेल तर आत घेणारी झडप, आणि क्रँककेसच्या श्वासनळीतून येत असेल तर दट्ट्याच्या कड्या झिजल्या आहेत. दाब मोजण्याचे उपकरण हेच अधिक नेमकेपणाने सांगते, हे खरे. पण ते ठरावीक तपासणीच्याच दिवशी बाहेर येते, आणि हात रोज सकाळी हजर असतो.

आता इंग्लंडमधील कार्यशाळेत काम करणाऱ्या चिरंजीवाच्या पत्रातील प्रश्नाविषयी. इंजिन थंड असताना निर्दोष चालते, वीस-पंचवीस मिनिटांनी अडखळू लागते, निवल्यावर पुन्हा सुरळीत होते. कार्यशाळेत प्लगचा संच बदलला, कार्ब्युरेटर धुतला, प्लगच्या ताराही बदलल्या, आणि दोष दोन उड्डाणे दिसेनासा होऊन तिसऱ्या उड्डाणात परत आला, असे त्यात लिहिले आहे. यातील चूक भाग बदलण्यात नाही, तिन्ही भाग एका दमात बदलण्यात आहे. कारण दोष तात्पुरता गेला तेव्हा तो कशाने गेला हे कोणालाच सांगता आले नाही, आणि तो परत आला तेव्हा शोध पुन्हा पहिल्या पायरीवर आला. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि बदलण्यापूर्वी त्या बदलाने काय सिद्ध होईल हे कागदावर लिहावे. ते लिहिता येत नसेल तर पाना खाली ठेवावा.

विमानाच्या इंजिनात प्रज्वलनाच्या दोन स्वतंत्र यंत्रणा असतात, ही दोष शोधणाऱ्याच्या दृष्टीने मोठीच सोय आहे. टायगर मॉथमध्ये बॅटरी नसते. ठिणगी मॅग्नेटोपासून मिळते. मॅग्नेटो म्हणजे फिरणारे चुंबक, तारेची दोन वेटोळी, उघडझाप करणारे संपर्कबिंदू आणि ते जळू नयेत म्हणून बसवलेला कंडेन्सर यांचे मिळून झालेले छोटे वीजयंत्र. असे दोन मॅग्नेटो, आणि प्रत्येक सिलिंडरला प्रत्येक मॅग्नेटोचा एक याप्रमाणे दोन प्लग. म्हणून विमान जमिनीला बांधून, चाकांना ठोकळे लावून, शेपूट खाली धरून ठेवून इंजिन दोष प्रकट होईल इतके तापवावे आणि मग एकेक मॅग्नेटो बंद करून पाहावा. अडखळणे एकाच मॅग्नेटोवर आढळले तर दोष त्या मॅग्नेटोच्या, त्याच्या तारांच्या किंवा त्याच्या प्लगांच्या घरी आहे. दोन्हींवर सारखेच आढळले तर तो इंधनात, मिश्रणात किंवा झडपांत आहे. अर्धे विमान या एका चाचणीने संशयातून मुक्त होते. एका मॅग्नेटोवर इंजिन खडबडीत चालत असेल तर त्याच मॅग्नेटोवर थोडा वेळ चालवून ते बंद करावे आणि प्रत्येक सिलिंडरच्या एक्झॉस्ट नळीवर पाण्याचा एकेक थेंब टाकावा. जेथे थेंब चुरचुरत नाही तो सिलिंडर पेटत नव्हता. त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावावा, आणि दोष प्लगाबरोबर सरकला तर प्लग दोषी, जागच्या जागी राहिला तर तार किंवा सिलिंडरांना ठिणगी वाटून देणारा वितरक.

परंतु पत्रात वर्णन केलेल्या लक्षणांवरून, म्हणजे थंडीत शहाणा आणि उष्णतेत वेडा होणारा दोष पाहता, संशयाची सुई प्रथम मॅग्नेटोच्या वेटोळ्याकडे आणि कंडेन्सरकडे वळते. जुन्या वेटोळ्यांवरील लाखेचे आवरण दशकानुदशके ओल शोषत आलेले असते, ते तापल्यावर सैल पडते आणि ठिणगी आतल्या आतच वाट शोधते. क्वचित केसाएवढी बारीक तार तुटलेली असते आणि धातू प्रसरण पावला की तिची दोन टोके विलग होतात. असा मॅग्नेटो काढून निवल्यावर बाकावर तपासला तर तो उत्तीर्ण होणारच. चाचणी दोषाच्या परिस्थितीत झाली पाहिजे, म्हणून मॅग्नेटो काम करतो तितक्या उष्णतेवर नेऊनच तपासून घ्यावा. दुसरा संशयित म्हणजे इंधन टाकीच्या हवेचे छिद्र. वरच्या पंखाच्या मध्यभागी बसवलेल्या टाकीतून इंधन केवळ गुरुत्वाने खाली येते. छिद्र कशाने बुजले तर टाकीत निर्वात तयार होऊन काही वेळाने इंजिन उपाशी पडते, आणि विमान उभे राहिले की हळूहळू हवा शिरून सारे पूर्ववत होते. दोन्हींचे वेळापत्रक सारखे दिसते, म्हणूनच मॅग्नेटोची वर सांगितलेली विभागणी आधी करावी. तिसरी शक्यता कार्ब्युरेटरमध्ये बर्फ साचण्याची. इंग्लंडच्या दमट हवेत बाहेरचे तापमान शून्याच्या पुष्कळ वर असतानाही हे घडते, आणि विमान उतरेपर्यंत पुरावा वितळून जातो. म्हणून वैमानिकाकडून त्या दिवशीचे हवामान, उंची आणि थ्रॉटलची स्थिती विचारून घेतल्याशिवाय निष्कर्षाला येऊ नये. वैमानिकाशी शांतपणे पंधरा मिनिटे बोलणे हे पुष्कळदा दोन दिवसांच्या उघडझापीपेक्षा अधिक फळ देते.

मॅग्नेटोच्या संदर्भात एक गोष्ट जिवाशी निगडित आहे, म्हणून ती वेगळी सांगणे भाग आहे. घरातला दिव्याचा स्विच बंद केला की मंडल तुटते. मॅग्नेटोचा स्विच बंद केला की मंडल जोडले जाते, म्हणजे मॅग्नेटोचे वेटोळे तारेने विमानाच्या धातूला जोडले जाऊन त्याची ठिणगी मारली जाते. यावरून उघड आहे की ही तार तुटली किंवा सैल झाली तर स्विच बंद दिसत असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो, आणि प्रोपेलरला नुसता हात लागला तरी इंजिन सुरू होऊ शकते. एक मॅग्नेटो बंद केल्यावर फेरे थोडे कमी होणे हे योग्यच आहे. ते मुळीच कमी झाले नाहीत तर नवशिका खूश होतो, पण जाणत्याने तेथे थांबावे, कारण तो मॅग्नेटो बंदच झालेला नसण्याची शक्यता असते. म्हणून इंजिन थांबवण्यापूर्वी मंद गतीवर दोन्ही स्विच क्षणभर बंद करून ते खरोखर मरते की नाही हे पाहावे, आणि एवढे करूनही प्रोपेलर नेहमी जिवंतच आहे असे मानून त्याच्याजवळ जावे.

इंजिनाचे दोष निदान आवाज तरी करतात. सांगाड्याचे दोष करीत नाहीत, आणि म्हणून ते अधिक गंभीर मानले पाहिजेत. टायगर मॉथचे खालचे पंख ज्या पोलादी गजांनी धडाला जखडलेले असतात, त्यांना लॅटरल टाय रॉड म्हणतात. ते धडातून आडवे जातात आणि उड्डाणात खालच्या पंखांकडून येणारा ताण त्यांच्यावर पडतो. २०१३ साली ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळ कसरतीचे उड्डाण करीत असताना एका टायगर मॉथचा डावा पंख सुटला आणि विमानातील दोघेही मृत्युमुखी पडले. तेथील वाहतूक सुरक्षा यंत्रणेच्या चौकशीत असे आढळले की दोन्ही टाय रॉड आट्यांच्या भागात तुटलेले होते, तेथे धातूच्या थकव्याचे, म्हणजे ताण वारंवार येऊन-जाऊन पडणारे, तडे आधीपासून होते, आणि हे गज मूळ उत्पादकाचे नसून नंतर अन्यत्र बनवलेले होते. त्या गजांसाठी २,००० उड्डाण-तास किंवा १८ वर्षे अशी निवृत्तीची मर्यादा ठरलेली होती, आणि ते त्या मर्यादेच्या पुष्कळ आधीच निकामी झाले. या घटनेचा अर्थ नीट लावावा. मुदत ही भाग सुरक्षित असल्याची हमी नसते; आणि आट्यांचा तळ हीच जागा अशी असते की जेथे तडा सुरू होतो आणि नटाखाली झाकलेला राहतो. टाय रॉडच्या कागदपत्रांत तो कोणी, केव्हा आणि कोणत्या पोलादाचा बनवला याचा माग लागत नसेल, तर तो कितीही चकचकीत असला तरी विमानात बसवू नये, या मताला या पत्रलेखकाच्या लेखी अपवाद नाही.

पंखांविषयी थोडक्यात. त्यांचे तुळयांसारखे मुख्य आधार स्प्रूस जातीच्या लाकडाचे असतात, आणि जुन्या लाकडी विमानांत सांधे दुधापासून बनवलेल्या केसीन सरसाने किंवा नंतरच्या कृत्रिम सरसाने जोडलेले आढळतात. केसीनला ओलाव्याने बुरशी धरते, म्हणून तपासणीच्या झाकणातून आत डोकावण्यापूर्वी तेथे वास घ्यावा. कुबट वास आला तर कापड उतरवण्याची तयारी ठेवावी. कापडाच्या खालच्या अंगाला, पंखाच्या मागच्या कडेलगत पाणी निथळण्यासाठी बारीक छिद्रे ठेवलेली असतात. रंगकाम करणाऱ्याच्या हातून ती हमखास बुजतात, आणि मग पावसाचे पाणी नेमके जेथे लाकूड सर्वांत पातळ असते तेथे महिनोन्‌महिने साचते. प्रत्येक रंगकामानंतर ही छिद्रे एकेक करून मोकळी आहेत का, हे तारेच्या टोकाने पाहावे.

हत्यारांच्या बाबतीत एवढेच पुरे की या विमानाचे आटे जुन्या ब्रिटिश मापांचे, म्हणजे बीएसएफ आणि बीए पद्धतीचे आहेत, आणि मिलिमीटरचा जवळपास बसणारा पाना नटाचे कोपरे खाऊन टाकतो. ब्रिटिश पान्यावरील आकडा नटाच्या रुंदीचा नसून आट्याच्या व्यासाचा असतो, ही गोष्ट मेट्रिक पान्यांवर वाढलेल्या पिढीला सुरुवातीस गोंधळात टाकते. पुढे भारतात परतल्यावर टायगर मॉथचे हे सारे ज्ञान वाया जाईल अशी शंका चिरंजीवाने बाळगू नये. कोल्हापूरकडच्या डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये ज्या एचटी-२ विमानाचा आराखडा केला आणि ज्याचे पहिले उड्डाण ऑगस्ट १९५१ मध्ये झाले, ते टायगर मॉथच्या जागी आलेले प्रशिक्षण विमान संपूर्ण धातूचे असले, तरी त्याचे सिरस मेजर इंजिनही असेच चार उलट्या सिलिंडरांचे, हवेने थंड होणारे आहे. आणि त्या जातीच्या विमानांपैकी एखादे पुन्हा उडते करण्याचे काम कधी निघालेच, तर उलट्या इंजिनाची भाषा येणारी माणसे लागतील.

राहता राहिली नोंदवहीची गोष्ट. कार्यशाळेतील वरिष्ठांनी त्या अडखळणाऱ्या इंजिनाच्या वहीत ‘जमिनीवर चालवून पाहिले, दोष आढळला नाही, विमान सेवेत’ असे लिहून चिरंजीवाची सही मागितली आहे, असे पत्रात म्हटले आहे. सही नम्रतेने पण स्पष्टपणे नाकारावी. त्याऐवजी इंजिन किती मिनिटे चालवले, त्या वेळी तेलाचे तापमान किती होते, कोणत्या मॅग्नेटोवर किती फेरे उतरले, याआधी कोणते तीन भाग एकदम बदलले गेले आणि कारण अद्याप सापडलेले नाही, हे सारे जसेच्या तसे लिहावे. संशयित मॅग्नेटो उष्ण अवस्थेतील तपासणीसाठी पाठवावा, त्याचा क्रमांक वहीत टिपावा, आणि तो परत येईपर्यंत प्रोपेलरला ‘उड्डाणास अयोग्य’ अशी लाल पाटी अडकवून ठेवावी. तपासणीचा अहवाल आला की त्याची नक्कल इकडे पाठवावी.