तूर विकली, डाळ विकत आणली

तायांनो, आजचा पाठ वाचण्याआधी एक काम करा. काल तुमच्या घरी दिवसभरात किती डाळ शिजली ते आठवा. वाटीने घेतली असेल तर तेवढी कोरडी डाळ वाटीत भरून वजन करून पाहा. आकडा वहीत लिहा, मग पुढे वाचा.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये नवा आहार-सल्ला दिला. त्यात एका मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या ताटाचं माप आहे: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्य ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दाणे-तीळ-जवस मिळून ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम आणि दूध-दही ३०० मिली. हे सगळं कच्चं वजन आहे, शिजवल्यावरचं नाही.

आता पाच मोठ्या माणसांचं घर धरू. ८५ गुणिले ५ म्हणजे दिवसाला ४२५ ग्रॅम डाळ-कडधान्य, महिन्याला पावणेतेरा किलो. वहीतला आकडा याच्या जवळपास आहे का? बहुतेक घरी नसतो. बैठकीत विचारलं की पहिल्यांदा सगळ्या हसतात, मग गप्प होतात.

असं काऊन होतं? प्राधान्य गटाच्या रेशनकार्डावर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते. पाच जणांचं २५ किलो. वरच्या मापाने लागते साडेसदतीस किलो, म्हणजे धान्याचा दोन तृतीयांश भाग रेशनमधून निघतो. डाळीचं तसं नाही, ती आपल्यालाच पाहावी लागते. म्हणून भाताचा ढीग मोठा होतो अन् वरण पाण्यासारखं होतं. त्यात बाई जेवते शेवटी. गंजाच्या तळाला जे राहिलं ते तिचं.

याचा हिशेब रक्तात दिसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांचं रक्त कमी निघालं. म्हणजे गटात दहा जणी बसल्या तर पाच-सहा जणी. आणि गंमत पाहा, बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागते, पुरुषाला १९. गरज तिची जास्त, वाटा तिचा कमी.

आता खरी गोष्ट. आपल्याकडे कपाशीत तुरीचे तास असतातच. डिसेंबर-जानेवारीत तूर घरी येते, आणि भाव आला की सगळी पोती बाजार समितीत जातात. उन्हाळ्यात तीच तूर डाळ होऊन किराणा दुकानातून पाव-पाव किलोने परत येते, चढ्या भावाने. कर्ज असते, लग्न असते, फवारणीची उधारी असते, हे मला माहीत आहे. तरी एक क्विंटल तूर मागे ठेवता येते का, ते घरी बोला. क्विंटलभर तुरीची साधारण ६५ ते ७० किलो डाळ होते. रोज पावभर शिजवली तरी जवळपास नऊ महिने पुरते. राहिलेले पावणेदोनशे ग्रॅम बेसनाचं झुणका-पाटोडी, मूग, मोट, बरबटी, पोपटीच्या शेंगा यातून निघतात. ज्यांना शेती नाही त्यांच्यासाठी गटाने हंगामात एकत्र तूर घेऊन डाळ पाडावी. गटाच्या अंतर्गत कर्जाचा याहून चांगला उपयोग मला तरी दिसत नाही.

मौदा, कुही, रामटेककडच्या तायांना लाखोळीबद्दल विचारायचं असेल. पूर्वी दुष्काळात लोक महिनोन्महिने लाखोळीवरच जगत, तेव्हा पायांना लकवा होई. १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर देशात बंदी आली, महाराष्ट्राने ती २००८ मध्ये उठवली. अधूनमधून, दुसऱ्या डाळीसोबत थोडी चालते. गरम पाण्यात भिजवा आणि ते पाणी फेकून द्या. रोजचं वरण मात्र लाखोळीचं नको.

डाळीसोबत भाकर किंवा भात हवाच. धान्यात जे प्रथिन कमी असते ते डाळीत असते, डाळीत कमी ते धान्यात. म्हणून वरण-भात, झुणका-भाकर या जोड्या आपल्या आज्यांनी उगाच नाही बसवल्या.

भाजीसाठी बाजाराची वाट पाहू नका. पावसात तरोटा, धोपा, काटवल बांधावर मिळते. परसात मुनग्याचं एक झाड असलं तर पाला वर्षभर मिळतो. अंबाडीही लावा. पाल्यातलं लोह शरीर सहज घेत नाही, त्याला आंबटाची सोबत लागते: लिंबू पिळा, आवळा खा, हंगामात संत्रं खा. संत्र्याच्या जिल्ह्यात राहून पोरीच्या हातात बिस्किटाचा पुडा असतो, हे मला पटत नाही. आणि जेवणावर लगेच चहा नको, तो लोह अडवतो. तासभर थांबा.

तेलाचं वेगळंच आहे. २७ ग्रॅमच्या हिशेबाने पाच जणांना महिन्याला चार किलो पुरते. नागपूरकर तर्रीवाले हे ऐकून रागावतील, रागावू द्या! चव हवी तर भाजलेल्या जवसाची चटणी घ्या.

एक गोष्ट विसरू नका. रक्त फार कमी असेल तर नुसत्या जेवणाने भरून निघत नाही. उपकेंद्रात तपासा, गोळ्या दिल्या तर पूर्ण घ्या. आणि शाकाहारी बाईला बी-१२ साठी दूध, दही, ताक लागतेच. सगळं दूध डेअरीवर घालू नका.

आज रात्रीपासून वरण घट्ट करा आणि वाढायच्या आधी सगळ्यांच्या वाट्या भरून ठेवा, आपलीही. सात दिवस रोजची डाळ मोजून लिहा. ती वही पुढच्या बैठकीत सोबत आणा, तुरीचं किती ठेवायचं ते तिथेच ठरवू.