६.३ इटालियन भाषेची निवड : उपयुक्ततेपलीकडील प्रेरणा

इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिश या भाषा अनेक देशांच्या राज्यव्यवहारात वापरल्या जातात. इटालियनचे क्षेत्र मुख्यतः इटली व स्वित्झर्लंडचा काही भाग एवढेच आहे. तरीही जगभरातील विद्यापीठांत विद्यार्थी ही भाषा निवडतात. त्यामागे प्रामुख्याने तीन कारणे दिसतात.

पहिले कारण विद्याशाखीय आहे. ऑपेरा, सोप्रानो, सोनाटा, फ्रेस्को या संज्ञा संगीताच्या व कलेतिहासाच्या अभ्यासकाला इटालियनकडे नेतात. दुसरे कारण वारशाचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाखो इटालियन अमेरिका व अर्जेंटिना येथे स्थलांतरित झाले. त्यांचे काही वंशज घरात लोपलेली भाषा वर्गात शोधतात. तिसरे कारण निखळ ओढीचे. झुंपा लाहिरी यांना बंगाली घरातून व इंग्रजी शिक्षणातून मिळाली. इटालियन त्यांनी स्वतः निवडली आणि २०१५ मध्ये त्या भाषेत पुस्तक प्रसिद्ध केले.

दान्ते (१२६५–१३२१) याने आपले महाकाव्य लॅटिनऐवजी लोकभाषेत रचले. त्याच्याच हयातीत, १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. लोकभाषेवरील हा विश्वास दोन्ही परंपरांत समान आहे. ‘ही भाषा शिकून उपयोग काय?’ हा प्रश्न मराठीच्या प्रौढ विद्यार्थ्यालाही ऐकावा लागतो. उपजीविका हे त्याचे एक उत्तर आहे; एकमेव नव्हे.

स्वयं-अध्ययन प्रश्न
आपण मराठी हा विषय का निवडला? वरील तीन कारणांच्या आधारे पाच-सहा वाक्यांत लिहा.