खिडकीतील प्रकाश आणि मोत्याचा खरा रंग

काही महिन्यांपूर्वी एक ग्राहक भगिनी कर्जाचा अर्ज घेऊन आमच्या शाखेत आल्या. मोती, तांबडे खडे आणि सोनेरी मुलाम्याची तार यांपासून त्या हाताने नथी घडवितात व मोबाईलवरून छायाचित्रे पाठवून विकतात. अर्जासोबत छायाचित्रणाच्या दिव्यांचे दरपत्रक जोडलेले होते. परगावी पाठविलेल्या नथी वारंवार परत येत होत्या. ‘फोटोत मोती सायीसारखे पिवळसर होते, हातात आले ते पांढरे,’ अशी तक्रार असे. एक नथ परत आली की जाण्यायेण्याचा टपालखर्च तिच्यावरील नफा गिळून टाकी.

छायाचित्रे पाहताच कारण उमगले. रात्री घरची कामे आटोपल्यावर, पिवळ्या बल्बखाली ती काढलेली होती. उणीव दिव्यांची नव्हतीच; दिवसाच्या प्रकाशाची होती. तो मात्र विनामूल्य मिळतो.

प्रकाशाचा रंग

प्रत्येक प्रकाशाला स्वतःचा रंग असतो व तो केल्विन या एककात मोजतात. पिवळ्या बल्बचा प्रकाश सुमारे २७०० ते ३००० केल्विन, दुपारच्या उन्हाचा सुमारे ५५०० केल्विन, तर मोकळ्या आकाशाखालील सावलीचा ७००० केल्विन वा त्याहून अधिक, म्हणजे किंचित निळसर असतो. कॅमेरा हा फरक आपोआप सुधारू पाहतो. परंतु खिडकीचा उजेड आणि खोलीतील दिवा एकत्र आले की त्याचा गोंधळ उडतो. म्हणून पहिला नियम असा, की छायाचित्र काढताना खोलीतील सर्व दिवे बंद करावेत. दागिन्याशेजारी पांढरा कागद ठेवून पाहावा. चित्रात तो पांढराच दिसला तर मोत्याचा रंगही बहुधा खरा उतरला, असे समजावे. हिरव्या वा निळ्या भिंतीजवळ बसू नये. तिचा रंग दागिन्यावर उतरतो.

उजेडाचा मऊपणा

थेट उन्हात मोत्यावर टोचणारा पांढरा ठिपका उमटतो आणि काळी, धारदार सावली पडते. प्रकाशाचा उगम वस्तूच्या मानाने जितका मोठा, तितकी सावली मऊ. मोठ्या खिडकीपासून दोन-तीन फुटांवर ठेवलेल्या नथीला असा मऊ प्रकाश लाभतो. आपल्याकडे उत्तरेच्या खिडकीतून वर्षाचा बराच काळ थेट ऊन येत नाही, म्हणून ती उत्तम. अन्य दिशेची खिडकी असल्यास तिच्यावर पांढरे मलमल वा बटर पेपर ताणून लावावा. पावसाळ्यातील ढगाळ आकाश स्वतःच असा पडदा बनते. मात्र उजेड कमी असल्याने मोबाईल पुस्तकांच्या चळतीला टेकवून टायमर लावावा, म्हणजे हात हलण्याचा प्रश्न उरत नाही.

प्रकाश समोरून न घेता एका बाजूने घ्यावा. तारेचे वळसे व मोत्यांची गोलाई त्यामुळेच उठून दिसते. दुसऱ्या बाजूस पांढरा पुठ्ठा उभा केला की अंधारलेला भाग उजळतो.

धातूची चकाकी

घासून चकचकीत केलेला धातू म्हणजे आरसाच. त्यात खोली, मोबाईल आणि छायाचित्रकाराची भडक साडीही दिसते! अशा वेळी फिकट वस्त्रे नेसावीत. कडा पुसट वाटल्यास काळ्या कागदाची अरुंद पट्टी जवळ धरावी. तिचे प्रतिबिंब धातूला रेखीव कड देते. पांढऱ्या पार्श्वभूमीवर कॅमेरा चित्र करडे करतो, तेव्हा उजळपणा थोडा वाढवावा. काळ्या कापडावर तो कमी करावा. भिंग आधी पुसून घ्यावे, इतके साधे काम बहुतेक जण विसरतात.

चित्राचा प्रामाणिकपणा

एकाच चित्रावर भागवू नये. समोरून एक, मागील बाजूचे एक (नथ दाबाची की तारेची, हे ग्राहकास कळावे), मोजपट्टीसह एक आणि जवळून एक, अशी चार चित्रे असावीत. हस्तकलेत दोन नग तंतोतंत सारखे नसतात. म्हणून जो नग पाठवावयाचा, त्याचेच चित्र द्यावे. नंतर चित्र कापणे, थोडे उजळणे क्षम्य. रंग गडद करणे नव्हे.

त्या भगिनींनी दिव्यांचे दरपत्रक मागे घेतले आणि मोती व तार यांपुरताच सुधारित अर्ज दिला. कर्ज देणे हे आमचे काम खरेच. पण ज्या खर्चातून उत्पन्न वाढणार नाही, त्यासाठी ग्राहकाने हप्ता भरू नये, हे सांगणेही आमचेच काम.

दुरून खरेदी करणाऱ्याला वस्तू हाताळता येत नाही. त्याच्या दृष्टीने छायाचित्र ही दर्शनी हुंडीच होय. पार्सल उघडताच ती वटली पाहिजे.