सागरजलाच्या मत्स्यपात्राचें झांकण

गेल्या वर्षीं आमच्या शास्त्रशाळेंत कांचेचें एक मत्स्यपात्र मांडलें होतें. खाडींतून आणलेलीं बोय माशाचीं चार पिल्लें त्यांत ठेविलीं होतीं. पात्रास झांकण हवें, हें मला ठाऊक होतें. परंतु 'उद्यां करूं' असें म्हणून मीं तें राहूं दिलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं दार उघडतांच एक पिल्लूं फरशीवर कोरडें पडलेलें आढळलें. बोय मासा पाण्याबाहेर उडी मारतो, हें कोळ्याच्या लहान मुलासही माहीत असतें. शिक्षकास मात्र त्याचा विसर पडला! त्या चुकीपासून जें शिकलों, तें येथें सांगतों.

झांकणाचें पहिलें काम माशास आंत ठेवण्याचें. दुसरें, धूळ व किडे बाहेर ठेवण्याचें. आणि तिसरें, पाण्याचें बाष्पीभवन कमी करण्याचें. हें तिसरें काम खाऱ्या पाण्याच्या बाबतींत विशेष महत्त्वाचें आहे. मिठागरांत ऊन लागून पाणी उडून जातें व मीठ मागें राहतें, हें आपण पाहतों. पात्रांतही तेंच घडतें. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे १०० लिटरांत ३५०० ग्रॅम. त्यांतील १० लिटर पाणी उडालें, तर तेवढेच क्षार ९० लिटरांत राहतात आणि त्यांचें प्रमाण दर लिटरास सुमारें ३९ ग्रॅम होतें. म्हणून पात्रावर पाण्याच्या पातळीची खूण करावी व तूट नेहमीं क्लोरीन काढलेल्या गोड्या पाण्यानें भरावी. ती खाऱ्या पाण्यानें भरल्यास क्षार वाढतच जातात.

मग पात्र घट्ट झांकून टाकावें काय? मुळींच नाहीं. पाण्याच्या पृष्ठभागावरून प्राणवायु आंत जातो व कर्बवायु बाहेर पडतो. झांकण घट्ट बसल्यास कर्बवायु सांचून पाण्याची आम्लता वाढते. शिवाय, माठांतील पाणी ज्या कारणानें थंड होतें, त्याच कारणानें पात्रांतील पाणीही थोडें थंड राहतें. बाष्पीभवन रोखलें कीं ही थंडाई जाते. आणि पाणी जितकें उष्ण, तितका त्यांत प्राणवायु कमी मावतो.

आतां झांकण कशाचें असावें, तें पाहूं. कांच स्वच्छ व टिकाऊ असते. बाष्पाचे थेंब तिच्यावरून परत पात्रांत पडतात. परंतु ती उष्णता कोंडते, आणि तिच्यावर क्षारांचा थर जमून उजेड अडतो. म्हणून ती वरचेवर पुसावी लागते. अॅक्रिलिकचा पत्रा हलका खरा, पण खालून दमट व वरून कोरडा राहिल्यानें तो वांकतो. नायलॉनची जाळी वारा व उजेड दोन्ही आंत येऊं देते आणि माशास अडविते. मात्र तिनें बाष्पीभवन थांबत नाहीं. लोखंड गंजतें. तांबें व पितळ तर वर्ज्यच समजावें, कारण तांब्याचा अंश कोळंबी, खेकडे इत्यादि जीवांस विषासारखा बाधतो.

तेव्हां निवड स्थळाप्रमाणें करावी. थंड प्रदेशांत, कडेस फट ठेवलेली कांच चालेल. आमच्या कोंकणासारख्या उष्ण किनाऱ्यावर पाव इंच छिद्रांची जाळी चौकटींत ताणून बसवावी आणि रोज गोडें पाणी घालावें. नळ्यांसाठीं ठेवलेल्या फटीही झांकाव्या. मासा नेमकी तीच वाट शोधतो. विजेचा दिवा असल्यास त्यावर खारे तुषार उडूं नयेत, अशी व्यवस्था वडील मंडळींकडून करून घ्यावी.

घरीं हा प्रयोग करून पाहा. तीन सारख्या बशांत मिठाचें सारखें पाणी घाला. एक उघडी ठेवा, एकीवर जाळी व एकीवर कांच ठेवा. रोज पातळी मोजून वहींत लिहा. कोणती बशी प्रथम सुकते व तळाशीं काय उरतें, हें स्वतः पाहिलें म्हणजे वरील सर्व गोष्टी सहज उमगतील.

जाळी बसविल्यापासून आमचीं उरलेलीं तिन्ही पिल्लें सुखरूप आहेत. मुक्या जिवास आपण घरीं आणलें, कीं त्याच्या रक्षणाचें काम उद्यांवर टाकतां येत नाहीं.